पाचवी सवाष्ण

एका बाईचा नवरा जिवंत असताना मी तिला विधवा ठरवलं. रागाच्या भरात नाही, दारू पिऊन नाही. सकाळच्या उन्हात, आंघोळ करून, देवाच्या कामासाठी वावरात उभा असताना ठरवलं. तेव्हा मी तिशीचा होतो. आता डोक्याचे केस पांढरे होऊ लागले आहेत आणि माझ्या बायकोखेरीज कोणाशी मी या गोष्टीबद्दल नीट बोललेलो नाही. त्या दिवशी जे हजर होते त्यांना ती ठाऊक आहे, पण बाहेरून दिसली तेवढीच.

ती वर्षं कापसाची होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि म्हणून विलायतेच्या गिरण्या आता वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या आहेत, असं अमरावतीच्या बाजारातले अडते सांगत. आम्हाला लढाई दिसत नव्हती, भाव दिसत होता. माझं गाव अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, बडनेऱ्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे लोकांनी ज्वारीच्या वावरात कापूस लावला, पडीत जमिनी नांगरल्या, गुरांची वाट नांगरली. पण लावलेला कापूस वेचायला हात लागतात. गावातल्या बाया पुरेनात. त्यात रेल्वेचं काम अकोल्याकडून आमच्या बाजूला सरकत होतं आणि धडधाकट पुरुष तिकडे जात होते.

म्हणून माणसं आली ती पैनगंगेपलीकडून. नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. दोन्हीकडे बोलणं मराठीच, देव तेच, लुगडं नेसायची तऱ्हासुद्धा तीच. तरी नदी ओलांडली की माणूस परमुलखाचा ठरे. त्यांना बोलावणाऱ्यांत मी होतो. वाशीमच्या बाजारात बैल घ्यायला गेलो असताना पलीकडून आलेल्या कुणब्यांना मीच सांगितलं होतं, आमच्या गावी या, काम आहे, राहायला जागा देतो.

ते आले, आणि जागा म्हणून आम्ही त्यांना गावाबाहेरची नाल्याकाठची पट्टी दिली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या पंधरावीस झोपड्या उभ्या राहिल्या. दिवसा आम्हाला ती माणसं हवी असत. दिवस मावळला की ती तिथे आहेत याची धास्ती वाटे. कोणाची कोंबडी हरवली तरी नाल्याकडे बोट जाई. गावच्या विहिरीवर त्यांच्या बायांनी सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर यायचं, असं ठरलं. ते आमच्याच जातीचे होते, तरी ठरलं.

त्या वस्तीत घालमेल कायम असे. एक म्हातारा रोज सकाळी गाठोडं बांधायचा, आज जातो म्हणायचा, आणि उन्हं चढली की पुन्हा सोडायचा. पोरं त्याला विचारत, "आबा, निंगाले का?" तो म्हणे, "निगालोच." आम्ही हसत असू. त्या माणसाला काही तरी झालं आहे, असं आमच्या मनातही आलं नाही.

जिची ही गोष्ट आहे तिला सगळे हिंगोलीवाली म्हणत. नवरा आणि धाकट्या दिरासोबत ती आदल्या वर्षीच्या वेचणीला आली होती. सासू मागे गावी राहिली होती. दोन्ही हातांनी वेचायची, आणि हात जितके चालत तितकंच तोंड चाले. एकदा मी बांधावर उभा राहून बायांना भराभर वेचायला सांगत होतो, तर ती मान वर न करता म्हणाली, "पाटील, तुमच्या मुलखात पान्याला चव न्हाई, अन् बोलन्यालाबी न्हाई. जरा गोड बोला, कापूस हलका व्हतुया." सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण मनात ते टोचलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कामी आलं असावं अशी मला शंका आहे.

वेचणी संपली तशी तिचा नवरा आणि दीर रेल्वेच्या कामावर अकोल्याकडे गेले. पोळ्याला येतो, असं तो सांगून गेला होता. जेठात एका गाडीवानाकडून निरोप आला, दोघे बरे आहेत. मग पाऊस लागला. आषाढात रेल्वेच्या छावणीत मरीची, पटकीची साथ आल्याची बातमी आली. पोळा आला आणि गेला. दसरा गेला. ती रोज ठसठशीत कुंकू लावून वावरात येत होती. कोणी विचारलंच तर म्हणे, "काम टाकून कसा यील? यील सवडीनं."

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरातलं एक जोमदार झाड निवडायचं, त्याच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि फुटलेल्या बोंडातला कापूस तुटू न देता ओढून शेजारच्या झाडांवर टाकायचा. लड जितकी लांब निघेल तितकं पीक चांगलं, अशी समजूत. आमच्या घरी हे पाच सवाष्णींनी करायचं. त्या वर्षी माझी बायको होती, भावकीतल्या तिघी होत्या, आणि पाचवी शेजारची येणार होती. पण तिला सकाळीच सुतक आलं. माझी माय इकडेतिकडे पाहू लागली.

माझी बायको म्हणाली, "हिंगोलीवालीले घेऊ ना. न्हाऊनधुऊन आली ते."

हिंगोलीवाली ओळीतून बाहेर आली. हात पदराला पुसले. कोणी तरी दह्याचा वाडगा तिच्या हातात दिलासुद्धा. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मला आजही दिसतो. आमच्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा कोणी तिला घरच्या कामात ओढलं होतं.

मी म्हणालो, "थांबा. हिचा मानूस हाये का गेला, कोनाले मालूम? पोळ्याले येतो म्हने, आता दिवाळी झाली. तिकडे मरीनं मानसं पटापट मेली. यंदाचं वरीस असं, अन् रांडव बाईच्या हातानं सीतादही कराव का?"

कोणी काही बोललं नाही. हिंगोलीवालीने वाडगा खाली ठेवला. दही सांडू नये म्हणून ढेकूळ बाजूला सारून सपाट जागा केली आणि ठेवला. मग वळली आणि आपल्या ओळीला लागली. माय हळूच म्हणाली, "बोलाचंच होतं तं हळू बोलाव, लेका." तिचीही हरकत बोलण्याला नव्हती, आवाजाला होती. गावातली दुसरी एक बाई आली, पाच झाल्या, पूजा झाली. लड चांगली लांब निघाली.

मी तसं का बोललो, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. मरीची धास्ती होती, हे खरं. पिकाची धास्ती होती, हेही खरं. भाव इतका चढला होता की आता काही तरी वाईट होणार, असं मला रोज वाटायचं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती माणसं आमच्या कामाला होती. ती आमच्या पूजेत यावीत हे मला सोसलं नाही. मी त्यांना बोलावलं होतं ते हातांसाठी. त्या हातांना कपाळही असतं, हे मी धरलंच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी बाया आपापले ढीग घेऊन खळ्यावर आल्या. वेचलेल्यातला वाटा हीच त्यांची मजुरी, आणि वाटे माझी बायको करी. हिंगोलीवालीचा ढीग पाहून ती थांबली. कापसात वाळलेला पाला, बोंडांची टरफलं, काड्या. जिचा कापूस सगळ्यांत पांढरा, तिचा हा ढीग होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि वाटा करून दिला.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीवाली माझ्या वाटेत उभी होती.

"पाटील, तुमाला निरोप आला व्हता का?"

"कशाचा निरोप?"

"अकोल्याकडच्या गाडीवाल्याशी तुमी बोलता. तुमाला काय तरी कळलं असंल, म्हनूनच बोलला. उगं कोन बोलंल असं?"

"मले काही मालूम नाई. जा, कामाले लाग."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मी बातमी दडवतो आहे, असं तिला वाटलं. त्याच जागी, त्याच क्षणी मी म्हणालो असतो की बाई, मी उगाच बोललो, तर कदाचित सगळं तिथेच थांबलं असतं. पण उगाच बोलणारा पाटील व्हायची माझी तयारी नव्हती.

मग सुरू झालं ते हळूहळू. एक दिवस ती कुंकू लावून आली, दुसऱ्या दिवशी कोरं कपाळ घेऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू. ओळीत शेजारच्या बाईला विचारी, "माझं कपाळ बग. काय दिसायलंय?" बाई काय सांगणार. हळूहळू तिच्या शेजारची ओळ कोणी धरेना. गावच्या बायांना तिची सावली नको झाली, आणि नवल म्हणजे वस्तीतल्यांनाही. त्यांचेही पुरुष रेल्वेवर होते. तिच्याकडे पाहिलं की त्यांना आपापला माणूस आठवे.

ती दोन भाकरी करी. एक खाई, एक फडक्यात बांधून रस्त्यावर नेई, आणि अकोल्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढे उभी राही. गाडीवान हात हलवत. दिवस बुडायच्या वेळी ती भाकर कुत्र्याला घालून परत फिरे. पुढे पुढे तर पहिली भाकरही कुत्र्यालाच जाऊ लागली. दंडातल्या बांगड्या ढिल्या होऊन कोपरापर्यंत घसरत. बोलणं बंद झालं. तिची ती थट्टा, ते टोचणारं बोलणं मला आता हवंसं वाटू लागलं होतं.

माझी झोप गेली. वावरातल्या विहिरीच्या तोंडावर मी बोरीच्या काट्या टाकून घेतल्या. कारण कोणी विचारलं तर गुरं पडतात म्हणून सांगितलं. सकाळी उठलो की आधी नाल्याकडे पाहायचं, तिच्या झोपडीतून धूर निघतो का. धूर दिसला की जेवण जाई, नाही दिसला तर नाही.

बायकोला हे दिसत होतं. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "यमाच्या दप्तरात तुमीच लेहून रायले का, अवो? कोन जितं, कोन मेलं, सबन तुमालेच ठाव."

मी म्हणालो, "एक बोल निंगून गेला."

"निंगून गेला तं वापस घ्या ना."

"असा कसा वापस घेऊ? पाच बायांत बोललो मी."

"मंग पाच बायांतच घ्या," ती म्हणाली आणि भाकर ताटात टाकून आत गेली.

मार्गशीर्षात गावाची बैठक बसली. नाल्याकाठच्या दोन पोरांना ताप होता आणि गावातल्या एकाला. त्या बाईला बाहेरची बाधा आहे, ती जाईल तिथे वाईट होतं, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "एकलीले काहून धरता? वेचनी संपली का सारीच्या सारी नदीपार नेऊन सोडा. त्याईचा मुलूख त्याईले." मी बसलो होतो. मीच बोलावलेली माणसं, मीच बिघडवलेलं डोकं, आणि बाधा तिची. मी एवढंच म्हणालो की मी अकोल्याला जातो आहे, तिच्या माणसाचा ठावठिकाणा काढतो, तोवर कोणी काही करू नये. कापसाचे भाव पाहायला जातो, असं मी मायला सांगितलं.

अकोल्यापर्यंत तीन दिवस लागले. वाटेत कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नव्हती. रेल्वेच्या कामावर इतकी माणसं होती की मी घाबरलो. कोकणातली, नगरकडची, तेलंगणातली, मोगलाईतली. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येक जण आपल्या गाववाल्यांना धरून बसलेला. मी एका मुकादमाला गाठून सांगितलं, हिंगोलीकडचा माणूस, उजव्या कानाची पाळी फाटलेली, सोबत धाकटा भाऊ.

मुकादम म्हणाला, "पाटील, मानूस पाह्यजे का कापसाची गठान? गठान असती तं मार्का पाहून काढून देल्ली असती. फाटक्या कानाचे इथं शंभर मिळतीन."

"मरीत गेलेल्याइची काही यादी?"

"यादी," तो म्हणाला, आणि हसत पुढच्या टोळीकडे वळला.

चार दिवस मी हिंडलो. प्रत्येक चुलीपाशी तेच विचारायचं आणि प्रत्येक ठिकाणी उलटे प्रश्न ऐकायचे: तुम्ही अमुक गावावरून आलात का, तिथे माझी माय आहे, तिथे माझी बायको आहे, पाऊस झाला का. मला वाटायचं, फाटक्या कानाचा कोणी सापडूच नये. सापडला नाही तर मी जे बोललो ते खरं ठरेल. हा विचार मनात आला, आणि तो माझाच होता. तो लिहून ठेवायला हवा.

पाचव्या दिवशी मूर्तिजापूरच्या बाजूला एका नाल्यावरच्या पुलाच्या कामावर तो मला दिसला. गिट्टी फोडत बसला होता. एकटा. मी समोर उभा राहिलो तरी हातोडा थांबेना.

"मले ओळखलं का?" मी विचारलं.

"पाटील," तो म्हणाला. मग पुढचा दगड ओढून घेत, "ती हाय का?"

"हाये. तुह्या वाटेकडे पाह्यते. तू काहून नाई आला? भाऊ कुठं हाये तुहा?"

त्याने हातोडा खाली ठेवला आणि हाताने नाल्याच्या पलीकडची जागा दाखवली. तिथे नुसती झुडपं होती. "आषाढात," तो म्हणाला. "एका दिसात गेला. आई न्हाई म्हनत व्हती. लहान हाय, नको नेऊ म्हनली. मीच आनला नदीपार. आता घरी गेलो की पयलं इचारतील, तो कुठाय. आधी ती इचारंल, मग आई इचारंल. म्हनून न्हाई गेलो. रोज वाटायचं, उद्या जाऊ. सकाळी उठलं की पाय उचलत न्हाईत, पाटील. असं वाटतं, मी गेलो न्हाई तवर तो जिता हाय."

मला तो गाठोडं बांधणारा आणि सोडणारा म्हातारा आठवला. मी त्याच्यासमोर मातीत बसलो. त्याच्या बायकोला मी काय म्हणालो, ते मी त्याला सांगितलं. डोळे वर करायचं धैर्य झालं नाही. फोडलेल्या गिट्टीकडे पाहत सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिनं कुंकू पुसलं?" त्याने एवढंच विचारलं.

"एक दिवस पुसते, एक दिवस लावते."

तो उठला, झोपडीतून घोंगडी काढली आणि माझ्या गाडीत येऊन बसला. घरी पोचेपर्यंत त्याने दोनदा गाडी थांबवायला सांगितली. एकदा खाली उतरून तो अकोल्याच्या दिशेने चालू लागला होता. मी मागे गेलो, बळजबरी केली नाही, नुसता सोबत चालत राहिलो. थोड्या वेळाने तो आपण होऊन वळला.

गाडी गावात शिरली की सगळं सुटेल, असं मला वाटत होतं. ती रस्त्याच्या कडेला फडकं घेऊन उभीच होती. तो उतरला. तिने त्याच्याकडे पाहिलं, फडक्यातली भाकर काढून त्याच्या हातावर ठेवली आणि तो खात असताना बाजूला बसून पाहत राहिली. त्याने भावाचं सांगितलं. ती रडली नाही. तिने त्याच्या फाटक्या कानाला बोट लावून पाहिलं, जसं आपण भिंत ओली आहे का पाहतो. दुसऱ्या दिवशी ती कोरं कपाळ घेऊन वावरात आली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. कपाळ कोरंच. नवरा तिच्याच झोपडीत राहत होता, तिच्याच ओळीत वेचत होता. तो हाक मारी, ती ओ देई. पण एकदा ती वावराच्या कडेला धुऱ्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बोट करून तिने मला विचारलं, "पाटील, हा हाय का न्हाई?"

"तुह्याच समोर हाये ना तो."

"माझ्या डोळ्याचं काय खरं हाय? लई दिस मला गाडीगाडीत त्योच दिसायचा. तुमी सांगा. तवा तुमी सांगितलं ते पाच बायांनी ऐकलं, कुनी न्हाई म्हनलं न्हाई. आता कुनी तसं सांगितलेलं मी ऐकलं न्हाई."

ती वेडी नव्हती. त्या दिवशी शेतात जे झालं त्याचा नेमका अर्थ तिला कळला होता. परमुलखात तिचं स्वतःचं असं कोणी नव्हतं; ती कोण आहे हे इथे आम्ही ठरवत होतो, आणि मी ते एकदा ठरवून दिलं होतं.

तरीही मी टाळलं. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "मजूर बाईपुढे पाटलानं हात जोडाचे? उद्या कोन आयकन तुहं? लुगडं देऊन टाक एखादं." मी लुगडं दिलं. ते तिने घडी न मोडता कुडाला अडकवून ठेवलं. मी रोज ठरवायचो, आज बोलतो. वावरात पोचायचो, बायांच्या ओळी दिसायच्या, आणि मी बैलांना काय झालंय, बांध कुठे फुटलाय, असलं काही पाहत दुसऱ्या टोकाला जायचो. अकोल्याच्या वाटेवर गाडीतून उतरून उलटा चालू लागलेला तिचा नवरा मला तेव्हा कळला.

वेचणी संपत आली. बैठकीत जे बोलणं निघालं होतं तेच मग गावाने ठरवलं, वस्ती उठायची. गावाला ती माणसं आता नको होती. कोणी पुढे रेल्वेच्या कामावर जाणार होते, हिंगोलीवाली आणि तिचा नवरा नदीपार, सासूकडे, भावाची बातमी घेऊन. पुढच्या वर्षी मी वाशीमच्या बाजारात त्यांची चौकशी केली. ती दोघं आपल्या गावी आहेत, बाई वावरात जाते, कमी बोलते, एवढंच कळलं. वऱ्हाडात ती पुन्हा आली नाहीत. ती कोरं कपाळ घेऊन सासूच्या दारात उभी राहिली असती तर काय झालं असतं, याचा विचार मला शेवटच्या वेचणीच्या आदल्या दिवशी सुचला. नवरा दोन पावलं मागे असला, तरी तिला आधी पाहणाऱ्या त्या म्हातारीला एकाच वेळी वाटलं असतं की तिचे दोन्ही मुलगे गेले. हे सुचल्यावर मग माझ्याकडे टाळायला जागा उरली नाही.

सकाळी मी बायकोला म्हणालो, दह्याचा वाडगा घे.  भावकीतल्या तिघींना तिनेच बोलावलं, आणि ऐन वेळी पाचवी झालेल्या त्या गावातल्या बाईलाही. मायही आली, तोंड फुगवून, पण आली. वस्तीतल्या बाया ओळी सोडून धुऱ्याशी जमल्या. सीतादही केलं होतं त्या झाडाला आता चारदोन बोंडं उरली होती, पानं लाल पडली होती. हिंगोलीवाली सगळ्यांच्या मागे होती. तिचा नवरा तिच्या बाजूला.

मी तिला पुढे बोलावलं. ती आली.  मी वाडगा बायकोच्या हातून घेतला, हिंगोलीवालीच्या हातात दिला, आणि हात जोडले.

"बाई," मी म्हणालो, "मले निरोप आला नोयता. मले काहीच मालूम नोयतं. त्या दिवशी याच झाडापाशी, याच बायाइत मी खोटं बोललो. तू परमुलखाची म्हनून बोललो, गावातली असती तं बोललो नसतो. तुहा मानूस हा इथं उभा हाये, मी पाह्यतो, ह्या साऱ्या पाह्यतेत. तू तवाही सवाष्ण होती, आताही हायेस. त्या दिवशीची पाचवी तूच होती, बाई. माहं चुकलं. मले माफ कर."